झपाट्याने दांडी हळू ओढली

क्रेनवाल्याला कारखान्यात सगळे झपाट्या म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. दांडी ओढली की भार भुर्रकन वर! बायको म्हणायची, "घासही असाच उचलतात, चावायचं राहूनच जातं."

त्या दिवशी रोजची जाड साखळी दुरुस्तीला गेली होती. तिच्या जागी आली एक बारीक. बिल्ल्यावर लिहिलेलं, बारा हजार न्यूटनपर्यंतच. खाली हजार किलोचं मशीन, आणि ते डुलू नये म्हणून त्याला खेटून उभा बायकोचा सख्खा भाऊ.

"दाजी, हजार किलोचे दहा हजार न्यूटन. साखळी बारा हजारांची. ओढा की!"

झपाट्याचा हात दांडीवर गेला आणि थबकला. सकाळी लेक मोठ्याने उजळणी करत होती आणि हा चहा पिता पिता तिची टिंगल करत होता. बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. टिंगल विसरला, हे मात्र डोक्यात चिकटून बसलं.

केबिनच्या धुळकट काचेवर त्याने बोटाने मांडलं. आपल्या झटक्याचं त्वरण तीन धरू. हजार गुणिले तीन, तीन हजार. हात्तिच्या, एवढंच! त्याने दांडी जराशी ओढली. साखळी ताठ झाली, करकरली.

आणि लेक इथे असती तर हसून काय म्हणाली असती, ते कानात वाजलं. "अहो बाबा, वर उचलताय ना? मग वजन काय सुटीवर गेलं? ते तर पेलायचंच, झटका त्याच्यावर!"

दहा हजार आणि तीन हजार. तेरा!

मशीन अजून जमिनीवरच होतं. त्याने दांडी मागे घेतली.

"दाजी, डुलकी लागली का? सगळे हसताहेत!"

"हसू देत. तू मशीनला लांब दोरी बांध आणि ती धरून मागे सरक. आणखी मागे! तुझ्या बहिणीला तोंड दाखवायचंय मला."

आता त्वरण एकच धरलं, म्हणजे सगळे मिळून अकरा हजार. दांडी त्याने नखभर ओढली, मग आणखी नखभर. मशीन उठलं. साखळी कुरकुरली, पण धरून राहिली. उतरवताना एकदम थांबवलं तरी तोच झटका, म्हणून तेही मुंगीच्या पावलांनी. खालून कोणी ओरडलं, "झपाट्या म्हातारा झाला रे!" त्याने ऐकून घेतलं.

मशीन टेकलं. साखळी सैल पडली.

"उतरा आता, दाजी," मेहुणा म्हणाला, "का उद्याच येताय?"

"आलो रे," झपाट्या म्हणाला. पण दांडीभोवतीची बोटं काही केल्या उघडेनात.