यमीची ओळ

प्रेसच्या दारात पाय ठेवला की बाई आधी आतली माणसं मोजायच्या. बोटानं नाही, नुसत्या नजरेनं. "चौघं हाय. बरं," असं पुटपुटून मग चपला काढायच्या. कुणी चहाला बाहेर गेलेलं असलं, तर तो कुठं गेला, कधी येणार, हे कळल्याशिवाय बाकावर टेकायच्या नाहीत.

आमचा प्रेस चिंचवडला, स्टेशनच्या रस्त्याला. लग्नपत्रिका, हँडबिलं, पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते त्यांची लेबलं, असली कामं. मी तिथं कंपोझिटर, खिळे जुळवणारा. बाई दापोडीच्या. औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहायच्या. हसू नका. चार कादंबऱ्या मी या हातांनी जुळवल्यात आणि छातीठोक सांगतो, तसं मराठी लिहिणारं माणूस आमच्या प्रेसची पायरी पुन्हा चढलं नाही. बोलायच्या मावळी, पण लिहायला बसल्या की वाक्यात एक शब्द इकडचा तिकडं करायची सोय नसे.

एक खोड मात्र होती. गोष्टीत कुणी घर सोडून निघालं की बाई निघालेल्या प्रत्येकाचं नाव लिहायच्या. जत्रेला निघोत नाहीतर बदलीच्या गावी, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळी नावं. मी चेष्टा करायचो, "बाई, ही कादंबरी आहे की शिरगणती?"

"तुमी जुळवा की दादा. एक बी सोडू नगा."

चौथ्या कादंबरीत प्लेग येतो आणि गाव उठून शिवारात झोपड्या घालून राहायला निघतं. प्रकरणाच्या शेवटी बैलगाडी आणि नेहमीप्रमाणे गाडीतली माणसं. सहा नावं पानात बसली. सातवी ओळ तेवढी पुढच्या कोऱ्या पानावर गेली: 'आणि मागे, पोत्याला टेकून झोपलेली यमी.'

आमच्या धंद्यात अशी एकटी ओळ म्हणजे ताटाबाहेर सांडलेलं शीत. बघवत नाही. शिवाय तिच्यापायी एक अख्खं पान जाणार. प्रूफं बाई आधीच वाचून गेल्या होत्या. सहाजण गाडीत आहेतच, एक पोर नसली म्हणून काय बैल अडणार आहेत, असा शहाणपणा करून मी ती ओळ काढून टाकली. कुणाला विचारलं नाही. त्या तावावरच्या सगळ्या पानांचा फॉर्मा छापून झाला, खिळे सोडून पुन्हा पेटीतल्या आपापल्या घरात टाकले.

बाई छापलेलं बघायला आल्या. उभ्यानंच वाचत होत्या. प्रकरण संपलं, त्यांनी पान उलटलं, परत मागं आणलं. मग म्हणाल्या, "यमी कुटं हाय?"

मी आपला फुशारकीनं सांगतोय, "काढली ओळ. पान कसं देखणं झालं बघा."

बाई जमिनीवरच बसल्या. आवाज चढवला नाही. "यमी म्हंजी मी, दादा. मी पाच वर्साची व्हते. दोन गाड्या निघाल्या. हिकडच्यास्नी वाटलं मी तिकडं हाय, तिकडच्यास्नी वाटलं हिकडं. मी कणगीमागं झोपलेली. बाहेरून कडी घालून समदी गेली. तीन दिसांनी बाप दाणं न्यायला आला, तवा घावले. त्याच्यामागं दोन वर्सं माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई. मावशीनं पाटी दिली, मंग पाटीवर लिवाया लागले. तवाधरनं लिवतेच हाय." मग म्हणाल्या, "तीन पुस्तकं झाली, तिला गाडीत बसवायचं धाडस न्हवतं झालं. औंदा बसवली व्हती."

पाच वर्षांच्या पोरीला घरच्यांनी चुकून मागं ठेवलं होतं. मी तर पान देखणं दिसावं म्हणून ठेवलं.

मालकांपाशी गेलो. ते म्हणाले, "एका पोरीसाठी फॉर्मा रद्द? कागद मिळतोय कुठं?" तेही खोटं नव्हतं. मी मान खाली घालून परत आलो, तर बाईंनी पदर खोचून छापलेल्या फॉर्म्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढलेला. "समासात जागा हाय," म्हणाल्या.

पाचशे प्रती होत्या. तीन रविवार बाई दौत-टाक घेऊन बसल्या आणि त्या सहा नावांखाली, पायथ्याच्या समासात, प्रत्येक प्रतीत ती ओळ लिहिली. माझं अक्षर मोत्यासारखं. म्हटलं, "द्या, निम्मी मी करतो." तर "न्हाई. तिला मीच बशिवणार." मी शाई टिपून घडीवर घडी रचत राहिलो.

शेवटचा फॉर्मा उरला तेव्हा त्यांनी टाक माझ्याकडं केला. "ही येक तुमी लिवा."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती प्रत माझ्याकडं आहे. आयुष्यभर लोकांचे शब्द जुळवले, पण पुस्तकात माझ्या हातानं शाईनं लिहिलेली तेवढी एकच ओळ. 'यमी'तली मी जरा फिसकटली आहे. तरी वाचता येते.