समुद्राकडे पाठ

मागच्या अंगणात धुणं वाळत घालता घालता नीलांबरीबाईंच्या कानावर बापलेकाचं भांडण पडलं.

"बाबा, हे घर नाही, फ्रीज आहे! या हिवाळ्यात दोनदा हॉस्पिटल झालं. विकून टाका नि अल्बनीला आमच्याकडे चला," इंद्रनील म्हणाला.

"तुझ्या त्या खुराड्यात? अरे, मी मरेन तर इथेच," शिरीषराव खोकत म्हणाले.

दोघंही खरंच बोलत होते, तीच तर पंचाईत.

घर मोठं देखणं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, सगळं लाकडाचं. छतं इतकी उंच की जळमटं काढायला शिडीसुद्धा पुरू नये. पुढच्या व्हरांड्याला नक्षीची झालर, शालूच्या काठासारखी, आणि समोर समुद्र. फार्मसीतून निवृत्त झाल्यावर शिरीषराव त्या व्हरांड्यावर भाळले. पण तिथं बसलं की हाडं गारठायची, भिंतींना बुरशी यायची.

पहिल्या वर्षी बाईंनी साताऱ्याच्या सवयीनं तिथंच, दक्षिणेला, पापड वाळत घातले. त्यांना हिरवी लव आली. बाईंनी उडदाला नावं ठेवली.

आज हातात ओला टॉवेल घेऊन त्यांनी वर पाहिलं. पृथ्वीच्या या दक्षिण अर्ध्यात सूर्य न्हाणीघराच्या बाजूनं, उत्तरेकडून चालला होता. तिकडे खिडकीसुद्धा नव्हती धड.

"अगंबाई! बांधणारा विलायतेचा. त्याच्याकडेही ऊन दक्षिणेला. माझ्यासारखाच फसला की मेला!"

संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "घर फिरवायचं."

या देशात घरं ट्रकवर घालून गावोगाव नेतात, मग जागच्या जागी फिरवायला काय धाड भरली?

"आई, सी व्ह्यूसाठी लोक जीव टाकतात इथे!"

"समुद्र मान वळवली की दिसतो, बाळा. ऊन मान वळवून मिळत नाही."

"घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे," शिरीषराव कुरकुरले.

"फिरू देत. तेही कुडकुडलेत."

कौन्सिलनं परवानगीसाठी हेलपाटे घालायला लावले. घर हलवणाऱ्या दोघांनी नकार दिला. बाई थर्मास घेऊन तिसऱ्याच्या दारात जाऊन बसल्या. त्यानं चहा प्यायला, घराखाली वाकून पाहिलं नि म्हणाला, "स्वीट ॲज!" म्हणजे, झकास, जमेल. विटांचं जुनं धुराडं मात्र पाडावं लागलं. मग जॅक लागले, घर उचललं गेलं आणि कण्हत कण्हत, लग्नात रुसलेल्या विहिणीसारखं, हळूहळू तोंड फिरवून बसलं.

पुढच्या हिवाळ्यात हॉस्पिटल झालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इंद्रनीलनं अल्बनीचा विषय काढणं सोडलं.

यंदाच्या ऑगस्टात, ऐन हिवाळ्यात, आपल्या आयुष्याच्या शेवटच्या दिवशीही, बाई सकाळी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून डेअरीत गेल्या, दूध आणलं. व्हरांड्यात शिरीषरावांची खुर्ची थोडी उन्हात सरकवली.

"टोपी घाला, ऊन लागेल," म्हणाल्या, आणि दूध ठेवायला आत गेल्या.