एका दोरीचे दोन दगड

गवताच्या छपरावर आढ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे दगड... आमच्या घाटमाथ्यावरचं घर मला असंच आठवतं, आणि तेच घर माझा मुलगा आता विकायचं म्हणतोय. कारवीच्या कुडाला ओल्या शेणाचा वास, कड्याखालून घोंघावत वर चढणारा वारा, आणि त्याने छप्पर उचलून नेऊ नये म्हणून बापाने वळलेली घायपाताची दोरी. मी छपराच्या अलीकडे, शेजारची अनशी पलीकडे, आढ्यावरून दोरी फेकली की तिकडून आवाज यायचा, "ओढू नको मेल्या, गाठ मारू दे!" एका दोरीला दोन दगड, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. पुढे ती माझी बायको झाली.

नव्वद सालानंतर मी दुबईत सुतार होतो, अल क्वोजच्या वर्कशॉपात. एका हिवाळ्यात हॉटेलाच्या सजावटीसाठी आल्प्समधलं डोंगरी गाव उभारायचं काम आलं. लाकडी घरं, कापसाचं बर्फ, भिंतीला टेकवलेल्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या... आणि चित्रात छपरांवर चक्क दगड! मी हरखलो. म्हणजे तिकडच्या माणसालाही वारा ठाऊक होता तर. पण फोरमन थर्माकोलचे दगड शाळेतल्या पोरांसारखे रांगेत चिकटवायला सांगत होता.

"असे नाही बसत," मी म्हटलं. "वारा शिरतो तिथे, कडेला पाहिजेत."

"चाचा, इधर हवा किधर है? एसी है. चिपकाओ, यल्ला!"

"तूच चिकटव."

महिनाभर मला जुन्या फळ्यांचे खिळे उपटायला बसवलं. बसलो. दगड चिकटवला नाही. फोनवर अनशीला सांगितलं तर म्हणाली, "बरं केलं. खिळा नाही ना लागला हाताला?"

अनशी जाऊन सात महिने झाले. मुलाने मला दुबईत, अल बर्शाला आपल्याकडे आणून ठेवलंय. परवा जेवताना म्हणाला, "बाबा, रिसॉर्टवाला चांगला भाव देतोय. तिथे आता आहे कोण?"

"इट्स जस्ट अ हट, आजोबा," नातू मोबाइलमधून डोकं वर न काढता बोलला.

"झोपडीच आहे. तुझा बाप तिच्यातच जन्मला," मी म्हटलं. "सही माझी लागते ना? करत नाही. खलास."

शुक्रवारचं गावचं तिकीट काढलंय. पायथ्यापासून दीड तासाची चढण... अनशी नेहमी पुढे जायची, करवंदीच्या जाळीपाशी थांबून ओरडायची, "ये की म्हाताऱ्या!"

आता तिथे कोणी थांबलेलं नसेल. तरी चढणार.