ज्येष्ठाचा जोडीदार

आकाशात एखादा तारा एकटा असू शकतो, हे आमच्या साडूंना उभ्या आयुष्यात कधी पटलं नाही. एरंडोलला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा धंदा. पण मांडवातली जोडपी टिपतानाही त्यांचा जीव वरच्या जोडप्यांत अडकलेला असे. तारा ठळक दिसला की त्याच्या झगझगाटात कोण दडलंय, याचा शोध सुरू. दुर्बीण घरचीच होती. आरसा महिनोन्महिने स्वतः घासलेला आणि नळी म्हणून जळगावहून एसटीच्या टपावर आणलेला शेतीचा पाइप. तो गच्चीवर चढवताना शेजारच्या नानांनी गंभीरपणे विचारलं होतं, "भाऊ, गच्चीवर केळी लावनी शे का?"

त्यांची पद्धत मात्र पक्की होती. हवा थरथरते म्हणून तारा थरथरतो. पण टेपवर सेकंदाला पंचवीस चित्रं उमटतात, त्यातलं एखादं तरी स्थिर सापडणारच. म्हणून दुर्बिणीला लग्नाचाच कॅमेरा लावायचा, उरलेल्या टेपवर तारा घ्यायचा आणि मग टीव्हीसमोर बसून एकेक चित्र थांबवून पाहायचं. थांबवणार ते, पण बघणार अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी. मांडीवर सुपात तूरडाळ, नजर टीव्हीवर; डाळीतला खडा काय आणि ताऱ्याजवळचा ठिपका काय, अक्कांच्या नजरेतून सुटत नसे. गच्चीवर तारा पुढे सरकला की पाइप हळूच ढकलायचं कामही त्यांचंच. असे बरेच जोडीदार दोघांनी पकडले. राहिला फक्त ज्येष्ठा या लाल ताऱ्याचा. पुस्तकात होता, टेपवर येत नव्हता. या नादात एकदा ताऱ्याची टेप तशीच गिऱ्हाइकाकडे गेली. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील दारात. "भाऊ, पोरगी गाडीमा बसनी, तेना मांगे हाऊ लाल ठिपका काय थरथरस?" साडू शांतपणे म्हणाले, "तुमच्या मुलीचं जमलं. याचं अजून जमायचंय."

आणि ते जमायच्या आधीच अक्का गेल्या. आठ दिवसांचा ताप, धुळ्याचा दवाखाना, आणि संपलं. साऱ्या तालुक्याच्या लग्नांच्या टेपा त्या घरात होत्या, पण अक्का एकाही टेपेत नव्हत्या. मला त्याचं फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर मी धुळ्याहून भेटायला गेलो, तेव्हा ते टीव्हीसमोरच होते. ज्येष्ठाची जुनी टेप चालू होती. लाल तारा थरथरत होता. मी शेजारी बसलो, आणि एकदम तारा स्थिरावला. त्याला खेटून एक बारीक हिरवट ठिपका डोळ्यांदेखत चमकून गेला.

"भाऊ, दिसला! मागे घ्या, थांबवा."

रिमोट त्यांच्या हातातच होता. त्यांनी बटण दाबलं नाही.

"थांबवलं की आवाज बंद पडतो," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझं लक्ष आवाजाकडे गेलं. गच्चीवरचा वारा, लांबवर एक ट्रक, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून अक्का बोलत होत्या, "हळूच सरकाडू का? तठे काही दिखस का हो?"

साडूंनी टीव्हीकडे बघत होकारार्थी मान हलवली. टेप संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.