कशाला हात लावायचा नाही

मी सहसा भारावत नाही. सत्कार, शाली, उद्घाटनाच्या फिती यांच्यासमोर मला जांभई आवरत नाही, आणि कुणी गंभीर आवाजात बोलू लागलं की मी आधी दार कुठे आहे ते बघतो. तरीही दौंडमध्ये, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत, मी उन्हं कलताना एक नदी पाहिली आहे. ती तिथे नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये होतो. आमची सुट्टी गुरुवारी. बाकी जग कामावर असताना रिकामं बसण्यात मजा असते, पण ती दुपारच्या जेवणापर्यंतच टिकते. त्या पोकळीत आमच्या प्रॉडक्शनचे तरुण साहेब एक खेळ घेऊन आले. बंगळूरच्या हॉस्टेलात शिकलेला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि ‘मी आता असं करतो’ म्हणायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. फासा वीस बाजूंचा. नियमांचं पुस्तक झेरॉक्सचं, त्यातली काही पानं पार काळी आलेली.

दौंडच्या त्या खोलीत गोष्ट सांगताना साहेब खांद्यावर सोलापुरी चादर घेत. राजा बोलला की घोगरा आवाज, चेटकीण बोलली की चिरका. खाली गिरणी सुरू झाली की चेटकिणीला ओरडावं लागे. आम्ही माना खाली घालून हसत असू.

खेळणारे तिघं. मी वैद्य झालो, कारण वैद्याला कुणी पुढे पाठवत नाही. दुसरा दौंडचाच, प्लँटवर ऑपरेटर. त्याचं मुसलमान कुटुंब गावात इतकं जुनं की अर्धा बाजार त्याला भाचा म्हणे. तो योद्धा झाला. दार दिसलं की लाथ, हा त्याचा स्वभाव. तिसरा शिरूरचा, घोडनदीच्या काठचा, तोही ऑपरेटर आणि बोलायला कमी. त्याचं घराणं मेंढ्या राखणारं. आता ऊस आणि कांदा. मेंढरं उरली होती ती फक्त त्याच्या आजोबांच्या बोलण्यात.

“मी मेंढरं राखणार,” तो म्हणाला.

“तसं पात्र पुस्तकात नाही,” साहेब म्हणाले.

“नसू द्या की. मला मेंढरं घेऊन नदीपल्याड जायचं हाय. बस.”

साहेबांनी उदार मनाने मेंढरं मंजूर केली. नदी मात्र गोष्टीत बरीच पुढे होती. त्याआधी एका गुहेत हत्तीएवढी घोरपड लागली, आणि योद्ध्याला कल्पना सुचली.

“अरे, सोप्पं हाय! ह्याची मेंढरं हाका आत. ती खात बसंल, आन् मी मागनं घालतो एक.”

शिरूरकर काही बोलायच्या आत साहेबांनी फासा टाकला. वीस आले, सगळ्यात मोठं दान. घोरपड मेली, मेंढरं गेली. साहेब चादर सावरत म्हणाले, “काय डावपेच!”

शिरूरकर उठला. “माझी उद्या फर्स्ट शिफ्ट हाय,” म्हणाला आणि चपला घालून गेला. बाहेर रणरणतं ऊन होतं.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. योद्धा वैतागला. “कागदावरची मेंढरं राव ती!”

“कागदावरही नव्हती,” मी म्हणालो.

“नियमाप्रमाणेच झालं,” साहेब म्हणाले. पण त्यांचाही आवाज घोगरा लागेना. तिघांत खेळ चालेना. तो परत आला नाही तर गुरुवार पुन्हा रिकामा होणार, हे आम्हाला कळत होतं. त्याचं काय गेलं होतं, ते मात्र कळत नव्हतं.

आमच्या प्लँटवर एक रीत होती. कारखान्यातल्या सगळ्या रीतींपैकी माझा विश्वास होता तो फक्त हिच्यावर. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा रिअॅक्टरजवळ, म्हणजे रसायन शिजतं त्या बंद टाकीपाशी, समोरासमोर उभे राहत. जाणारा सांगे: आत काय आहे, काय चालू आहे, कशाला हात लावायचा नाही. येणारा तेच आपल्या तोंडाने परत म्हणे. त्याने म्हटल्याशिवाय जाणारा जागचा हलत नसे, मग दोघांत अबोला का असेना. याला आम्ही हँडओव्हर म्हणत असू.

एका दुपारी मी सँपल घ्यायला गेलो तेव्हा शिरूरकर योद्ध्याला हँडओव्हर देत होता.

“दोन नंबर थंड व्हतोय. कूलिंगचं पाणी चालू हाय, त्याला हात लावायचा न्हाई.”

“दोन नंबर थंड व्हतोय. पाण्याला हात लावायचा न्हाई,” योद्धा म्हणाला, आणि वाट अडवून उभा राहिला. “आन् मेंढरांना हात लावायचा न्हाई, हे कवा सांगितलंस?”

“तू कवा इचारलंस?”

“लेका, हितनं कधी हँडओव्हर न देता गेलायस? मग तिथनं कसा गेलास?”

बाहेर कंपनीच्या बसने हॉर्न दिला. शिरूरकराने डबा काखेत मारला. मग म्हणाला, “गुरुवारी येतो.”

गुरुवारी साहेबांनी चादर उचलली तसा योद्धा म्हणाला, “थांबा साहेब. आधी हँडओव्हर.”

“सगळं आधीच बोललो तर खेळातलं गूढ जाईल.”

“रिअॅक्टरमधी काय कमी गूढ असतंय का? तिथं सांगतोच की.”

साहेबांनी चादर परत खाली ठेवली.

योद्ध्याने सुरुवात केली. “मला मारामारी पाहिजे. पोटभर. पण गोष्टीत मला फितूर करू नका. बाकी काय पण करा.” तो हसत बोलला, पण हसलं कुणीच नाही. साहेबांनी आपल्या गोष्टीच्या वहीतल्या पुढच्या दोन ओळी खोडल्या. “पुढचं थोडं बदलावं लागेल मला,” ते हळूच म्हणाले, आणि मग रीतीप्रमाणे परत म्हणाले, “मारामारी चालू. फितुरी बंद.”

मी म्हणालो, माझ्या वैद्याला उगाच शूर करू नका. तेही परत म्हटलं गेलं.

“आता तुम्ही, साहेब,” योद्धा म्हणाला.

“मी आवाज काढतो तेव्हा हसू नका,” साहेब म्हणाले. “घरी करून बघतो मी ते. आरशासमोर.”

त्या चादरीबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

“मेंढरं पल्याड न्यायची,” शिरूरकर म्हणाला. “मधी कुणी हात लावायचा न्हाई.” आम्ही तिघांनी ते परत म्हटलं, शाळेत म्हणतात तसं.

पण मेंढरं तर मेली होती. साहेबांनी फासा हातात घेतला आणि न टाकताच खाली ठेवला. “गुहेला मागून एक वाट होती. काही मेंढरं तिकडून निसटली. नदीकाठी ओरडतायत.”

“हे पुस्तकात हाय व्हय?” योद्ध्याने विचारलं.

“काळ्या पानांवर असेल.”

मग शिरूरकर बोलू लागला. आवाज न बदलता. पाणी गढूळ आहे, म्हणाला. कोकरू खांद्यावर घेतलं, त्याच्या पोटाची धडधड मानेला लागतीय. म्होरकी मेंढी पाय घालंना, आता घातला. गिरणी बंद होती. योद्ध्याने कुजबुजत विचारलं, “मी काय करू?”

“मागं ऱ्हा. गप ऱ्हा. एखादं वाहत आलं तर धर.”

आणि हा माणूस, ज्याने एकही दार साधं उघडलं नव्हतं, दोन्ही हात पुढे करून, श्वास रोखून बसला. साहेबांनी एक आवाज काढला. राजाचा नाही, चेटकिणीचा नाही, पाण्याचा. मला हसू आलं नाही. खोलीची भिंत होती तिथे मला पाणी दिसत होतं, आणि त्यात ओली, जड झालेली लोकर. माझे पाय मी वर घेतले होते, हे मला नंतर कळलं. फाशाला कुणी शिवलं नाही.

“पोचली,” शिरूरकर म्हणाला.

योद्ध्याचे हात अजून तसेच पुढे. शिरूरकराने चटईवरचा फासा उचलला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

“हं, भाचे,” तो म्हणाला. “आता तुझं. कुणाला मारायचंय?”