मतदान करून परतलेल्या जहाजाच्या गावी

बाबांना समुद्र दाखवायचा, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण पलंगाखाली होतं. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून कॅनडात, कॅल्गरीला आणलं, त्याला वर्ष होत आलं, तरी त्यांची बॅग भरलेलीच. लागेल तेवढं काढायचं, धुऊन घडी करून परत आत. हा देश जरा आवडला तर बॅग रिकामी होईल, अशी मला आशा होती.

ऑक्टोबरात निघणार असाल तर विंटर टायर्स घालूनच निघा. पुढच्या घाटरस्त्यांवर ते सक्तीचे आहेत. आम्हाला वाटेवरच्या कॅम्लूप्सपर्यंत पाऊस आणि धुकं. ज्या डोंगरांसाठी लोक विमानाने येतात, ते आम्हाला दिसलेच नाहीत. नवरा सुमेध गाडी चालवत होता, मागे बाबा आणि आमची लेक तन्वी. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असल्याने खाण्याचा खर्च वाचला, पण गाडीला अजून लसणाचा वास येतो.

त्सावासन बंदरातून व्हिक्टोरियाला जाणारी फेरीबोट गाडीसकट आधीच बुक करा, स्वस्त नाही. बाबा पावसात डेकवर उभे होते. समुद्र आवडला का विचारलं, तर म्हणाले, मोठा आहे.

व्हिक्टोरियाला लागूनच एस्क्विमॉल्ट, नौदलाचं बंदर. तिथल्या छोट्या संग्रहालयात आम्ही केवळ पाऊस चुकवायला शिरलो. बाबा इतिहासाचे मास्तर, त्यामुळे एकेक पाटी वाचत चालले. एका निवृत्त नौसैनिकाने आम्हाला 'युगांडा' या कॅनडाच्या क्रूझरची, म्हणजे युद्धनौकेची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ती पॅसिफिकमध्ये जपानविरुद्ध लढत होती. डेकखाली भट्टीसारखा उकाडा, प्यायच्या पाण्याची मारामार, वर आत्मघाती विमानं. अशात कॅनडा सरकारने ठरवलं, की युरोपातलं युद्ध संपत आलंय, आता इथे स्वखुशीने लढेल तोच लढेल. जहाजावर प्रत्येकाला विचारलं गेलं. बहुतेकांनी नकार दिला आणि जहाज इथे, एस्क्विमॉल्टला परत आलं.

"ज्यांना थांबायचं होतं, त्यांचं काय झालं?" बाबांनी मला विचारायला लावलं.

"दे केम होम टू," तो म्हणाला. "वन शिप, सर."

बाबा बराच वेळ जहाजाच्या फोटोसमोर उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण विचारलं. लढाई चालू असताना विचारलं."

आमच्या नागपूरच्या घरात प्रत्येक गोष्टीवर मतदान व्हायचं. फ्रिज कुठला, सहल कुठे, सगळं हात वर करून. हक्क मिळालाय तो वापरायला शिका, असं म्हणत बाबा स्वतः हात मोजायचे आणि हरले तरी मुकाट्याने डबे उचलून सहलीला यायचे. त्यांचं कॅनडाचं तिकीट मात्र मी परस्पर काढलं होतं. एकटे, त्यात हृदयाचं दुखणं. विचारायचं काय त्यात, असं मला वाटलं होतं.

परतीच्या वाटेवर बर्फ लागला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी, जेवणं झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, बाबा, मत घेऊ या. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, विचारलं तेवढ्यानेच सगळं निभावलं. हात मोजायला ते स्वतःच उभे राहिले.

"बाबा इथे राहावेत, असं कोणाला वाटतं?" त्यांनीच विचारलं.

तन्वीचा हात सगळ्यात आधी वर गेला. "ऑफकोर्स, आजोबा." मग सुमेधचा. बाबांनी नागपुरात एकटं राहावं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मीही हात वर केला.

"परत जावेत, असं कोणाला?"

त्यांनी स्वतःचाच हात वर केला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली घेतला. "तीन विरुद्ध एक," ते म्हणाले. "ठीक आहे."

खोलीत जाऊन त्यांनी पलंगाखालची बॅग ओढली आणि कपडे कपाटात लावले, आईची शालसुद्धा. रिकामी बॅग बेसमेंटमध्ये ठेवायला माझ्याकडे दिली. याचसाठी मी एवढा प्रवास केला होता. मी बॅग घेऊन खाली गेले आणि तिथेच बसून राहिले. वर जाऊन त्यांच्याकडे कसं बघायचं, ते मला कळत नव्हतं.