नाना उभे राहायला तयार नव्हते

"ताई, उद्यापासून तुम्ही येऊ नका," नाना म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी फिजिओथेरपिस्ट. धुळ्यात घरोघरी जाऊन लकवा झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. नानांची डावी बाजू गेली होती. या आजारात पहिले काही महिने मोलाचे. तेव्हा पाय वापरला तर बऱ्यापैकी परत येतो, नाही तर अंथरूण सुटणं कठीण. नानांच्या पायात ताकद येत होती. पलंगावरचे सगळे व्यायाम ते मुकाट्याने करायचे. उभं करायची वेळ आली की मात्र दगड.

माझी पद्धत ठरलेली. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि घरातल्या एकाला तो धरायला शिकवायचं. मी तासभर असते, घरचे दिवसभर. मुलगा दुकानात, नानांच्या बायको अक्का गुडघ्यांनी बेजार. म्हणून सुनेला, मनीषाला शिकवलं. चुणचुणीत, अंगाने दणकट. मी यादीत बरोबरची खूण करून मोकळी झाले. नानांना पट्टा दिसला की चक्कर यायची.

मी समजावलं. रागावले. बरे झालेल्यांचे व्हिडिओ दाखवले. एकदा पीटीच्या सरांसारखं "एक, दोन, तीन" ओरडले. शेजारचे दोघे घराबाहेर आले, नाना जागचे हलले नाहीत.

"केस बंद करा मॅडम," क्लिनिकचे डॉक्टर म्हणाले. "पेशंटलाच नको असेल तर आपण काय करणार?"

"उद्याची शेवटची व्हिजिट, सर."

मी ख्रिस्ती आहे. सकाळची प्रार्थनाही मुद्द्यांप्रमाणे करते, जणू देवाचा गोंधळ होईल. त्या दिवशीचा मुद्दा होता, 'नानांना मी सोडते आहे, तू सांभाळ.' तो तोंडातून निघेना. प्रभू माझ्या बाबतीत इतक्या लवकर कंटाळला असता तर? शेवटी म्हणाले, "मला काही सुचत नाही. आज परत जाण्यापुरतं बळ दे." उठले तेव्हा युक्ती एकही नव्हती, पण कालचा वैताग उतरला होता.

पट्टा गाडीच्या डिकीतच ठेवला. "नाना, आज व्यायाम नाही. फक्त चहा."

नानांनी संशयाने पाहिलं. मनीषा डोक्यावर पदर ओढून आली, कप स्टुलावर ठेवून पाठ न फिरवता मागे सरकली. नानांनी चांगल्या हाताने घाईघाईने गुडघ्यांवर चादर ओढली. हे रोजच घडत असणार. मी बोलत नव्हते म्हणून त्या दिवशी दिसलं.

"नाना, मनीषाने धरलेलं चालत नाही का तुम्हाला?"

नानांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, ती मनी सून शे. तिना हात मना कंबरले? त्यापेक्षा मी पडी राहसू."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुम्ही बोलू देतस का कोनले?"

आतून अक्का मोठ्याने हसल्या.

माझे सासरे शेवटी शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून चर्चला यायचे. त्यामुळे अशी काही अडचण असू शकते, हे डोक्यातच आलं नाही. जन्म जळगावचा, नोकरी धुळ्याची, अक्कल बहुधा परदेशी.

मी शेजारच्या आबांना हाक मारली. एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर. डिकीतून पट्टा आणला आणि कसा धरायचा ते त्यांना दाखवलं. नाना उभे राहिले. थरथरले, पण उभे राहिले.

"चाल रे नाना! म्हैस भी इतला नखरा करत नही," आबा ओरडले. उत्तर द्यायच्या भरात नानांचं डावं पाऊल पुढे पडलं.

आता नाना काठी घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातात. पाय थोडा ओढतो. आबांशी भांडण सुरूच आहे.

पहिल्याच दिवशी मी हल्ली विचारते, "कुणी धरलेलं चालेल?" कंटाळा अजूनही येतो. तेव्हा गाडी सुरू करण्याआधी पुन्हा जाण्याचं बळ मागते. ते मिळतं. पुढचं पेशंटच सांगतात, मी गप्प बसले तर.